परवानगी आधी, खर्च मग

(रौप्यमहोत्सवी समारंभात संस्थेच्या एका माजी खजिनदारांनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. सगळी नोकरी एमआयडीसीतल्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेली. म्हणून पैशाचंच बोलतो. जेवण तयार आहे, लवकर आटोपतो.

मी खजिनदार असताना एका उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं. पाण्यासाठी मंजूर असलेली रक्कम मे महिन्यातच संपली. टँकर तर हवेच होते. मी कुणाला न विचारता गच्चीच्या दुरुस्तीचे पैसे टँकरला दिले. पावसाळ्यात वरच्या मजल्यावरची घरं गळली. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत एक वहिनी उठल्या : "भाऊजी, पाणी आम्हीही प्यायलो. पण गच्चीचे पैसे कुणाला विचारून वळवले?" माझ्याकडे सगळ्या पावत्या होत्या, पण उत्तर नव्हतं.

राज्याच्या कारभारातही हाच प्रश्न असतो. अर्थमंत्री मुंबईत अर्थसंकल्प मांडतात, आपण टीव्हीवर बघतो आणि म्हणतो, झालं! पण तो नुसता अंदाज असतो, बरं का. पुढे पाणीपुरवठा, शाळा, रस्ते अशा खातेनिहाय मागण्या विधानसभेपुढे येतात. आमदार कपात सूचना देऊ शकतात. मागण्या मंजूर झाल्या की विनियोजन विधेयक येतं. त्याचा कायदा झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. राज्यघटनेच्या कलम 203 आणि 204 मध्ये हे लिहिलेलं आहे. आणि एका मागणीचा पैसा दुसऱ्या मागणीकडे सरकारला परस्पर वळवता येत नाही. मी नेमकं तेच केलं होतं!

मग अडचण आली तर? त्याचीही सोय आहे. 2024 साली लोकसभा निवडणूक होती. 27 फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प मांडून काही महिन्यांपुरतं लेखानुदान घेतलं आणि 28 जूनला पूर्ण अर्थसंकल्प आला. वर्षाच्या मध्येच पैसे कमी पडले तर पुरवणी मागण्या आणतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्या असतातच. मलाही जूनमध्ये विशेष सभा बोलावता आली असती. आणि खर्च झाल्यावर महालेखापरीक्षकांचा अहवाल लोकलेखा समितीपुढे जातो. आमच्या वहिनींचा प्रश्न तिथे अधिकाऱ्यांना विचारला जातो.

एक खंत मात्र आहे. विधानसभेत वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविनाच मताला टाकतात. आपल्याकडे काय होतं? कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब, मग हजर असलेले दहा-पंधरा जण, "सर्वानुमते मंजूर" आणि चहा. गच्ची गळायला लागली की मात्र सगळे जिन्यात जमतात.

म्हणून एकच विनंती. सभेच्या नोटिशीबरोबर अंदाजपत्रक येतं, ते रद्दीत टाकू नका. वाचा, सभेला या आणि विचारा. त्या वहिनींचा त्या वेळी मला राग आला होता. आज या व्यासपीठावरून मी त्यांचे आभार मानतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!