संशोधन करणाऱ्या मुली आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी या मंडळाची जुनी सभासद आहे. शाळेत विज्ञान शिकविण्यात माझे आयुष्य गेले. आज मंडळाची स्तुती थोडक्यात आटोपून मी एक मागणे मांडणार आहे. दहावी-बारावीच्या गुणी मुलींना आपण दर वर्षी बक्षिसे देतो. पण जी मुलगी एम.एस्सी. होऊन पुढे चार-पाच वर्षे संशोधनाला बसते, तिची आठवण आपल्याला होत नाही. उलट, “अजून शिकतेच आहे का?” असे आपणच तिच्या आईला विचारतो.

असे विचारण्यापूर्वी कमलाबाई सोहोनींचे चरित्र आठवावे. या माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन 1933 साली त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून अर्ज नाकारला गेला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर अटी घालून त्यांना एक वर्ष घेतले. वर्षभराचे त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि पुढे मुलींना तेथे प्रवेश मिळू लागला. त्यानंतर मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर त्या केम्ब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम-सी’ या द्रव्यावर त्यांनी अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध लिहिला आणि पीएच.डी. मिळवून 1939 साली त्या मायदेशी परतल्या.

शिष्यवृत्तीच्या त्या पैशाचे समाजाला काय मिळाले? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कमलाबाई व त्यांचे विद्यार्थी डाळी-कडधान्यांवर काम करीत. कच्च्या वालात प्रथिनांच्या पचनाला अडविणारे एक द्रव्य असते. ते त्यांनी व के. एस. आंबे यांनी स्फटिकरूपात वेगळे केले आणि 1955 साली ‘नेचर’ या जगन्मान्य नियतकालिकात ते काम प्रसिद्ध झाले. शिजविल्याने त्या द्रव्याचा जोर बराचसा जातो. आपण वाल भिजवतो, मोड आणतो, सोलतो आणि बिरडे मऊ शिजवतो. आजीने सांगितले म्हणून आपण हे करीत आलो. असे का करावे, हे प्रयोगशाळेने सांगितले.

दुसरे उदाहरण नीरेचे. आपल्या ताडा-माडांच्या मुलखात पहाटेची गोड नीरा ऊन चढताच आंबून ताडी होते, हे मी सांगायला नको. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेतील जीवनसत्त्वे व लोह तपासले. आदिवासी समाजातील कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांना स्वस्तात पोषण मिळावे, हा त्यामागचा हेतू. त्या कामाला राष्ट्रपतींचे पारितोषिकही मिळाले.

आज शिष्यवृत्त्या पुष्कळ आहेत. ‘नेट’ परीक्षेतून निवड झाली तर 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात. आपल्या राज्यात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थाही विद्यावेतन देतात. पण पैसे उशिरा आले तर विरार-चर्चगेटचा पास कोण काढणार? प्रयोग लांबला आणि शेवटच्या गाडीने यावे लागले, तर दार कोण हसतमुखाने उघडणार? ही विद्यावृत्ती सरकार देऊ शकत नाही. ती घराने द्यायची असते. मुलीपेक्षा सुनेला तर ती अधिक लागते.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. एक, मंडळाची खोली दुपारी रिकामी असते, ती अशा मुलींना लिहिण्या-वाचण्यास द्यावी. दोन, विद्यावेतन रखडेल तेव्हा बिनव्याजी उसने देता येईल असा छोटा निधी काढावा. तीन, दर वर्धापनदिनी एका संशोधक मुलीने आपले काम अर्धा तास आपल्याला मराठीत सांगावे. आपणही तिला आपले प्रश्न विचारावेत. विहिरीचे पाणी खारे का होते, पावसाळ्यात गल्लीत पाणी का तुंबते, आपली सुकेळी अधिक दिवस कशी टिकतील? यांतला एखादा प्रश्न कुणाच्या प्रबंधाचा विषय होईल.

तूर्त आजपासून एवढे तरी करू या. “अजून शिकतेच आहे का?” असे न विचारता “काय शोधते आहेस ग?” असे विचारू या. माझे मागणे मंडळाने आजच्याच सभेत विचारात घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.