विरजण आणि धनुर्वाताचं इंजेक्शन

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत जे कानावर आलं, त्यावरून आजचा विषय निघाला. गटातल्या एका वहिनींच्या सुनेला चौथा महिना. "आता दह्यातूनच लस मिळते, मोबाईलवर आलंय," असं म्हणून तिनं धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंच नव्हतं. आम्ही आधी हसलो. मग आशाताईंना विचारलं, थोडं वाचलं. बातमी अगदीच हवेतली नव्हती, पण अर्धी होती.

खरी बाजू अशी. दूध आंबवणारे जिवाणू आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, त्यांचा त्रास होत नाही. म्हणून शास्त्रज्ञांना वाटलं, यांच्याच अंगावर लस चढवली तर? धनुर्वाताच्या विषाचा एक तुकडा असा आहे की तो एकटा अपाय करत नाही, पण शरीर त्याला ओळखायला शिकतं. तो तुकडा बनवण्याची कृती जिवाणूच्या आत घालतात. पण बनलेलं प्रथिन आतच राहिलं, तर शरीराच्या राखणदारांना ते सहज दिसत नाही. ते बाहेरच्या भिंतीवर हवं. त्यासाठी प्रथिनाच्या शेपटाला एक खूण ठेवतात. जिवाणूचाच एक कारागीर ती खूण ओळखतो, तिथं कापतो आणि प्रथिन भिंतीत खुंटीसारखं पक्कं बसवतो.

दुसरी रीत नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांची. जिवाणू आम्लात तापवून मारायचे, म्हणजे नुसतं भिंतीचं टरफल उरतं. चिकट टोक असलेलं प्रथिन वेगळीकडे बनवायचं आणि बाहेरून चिकटवायचं. आपण भिंतीवर गोवऱ्या थापतो, अगदी तसं! आम्हाला हीच रीत जास्त पटली, कारण मेलेला जिवाणू कुठं जाऊन वाढणार नाही. जिवंत जिवाणूंची ती काळजी असतेच. बेल्जियममध्ये 2003 साली औषध बनवणारा असाच एक जिवाणू तयार केला, तेव्हा त्याचा एक जरुरीचा जीनच काढून टाकला. ठरावीक पदार्थ बाहेरून मिळाला नाही तर तो मरतो.

इंग्लंडमध्ये 1997 साली विषाचा तो तुकडा बनवणारे जिवाणू उंदरांना तोंडावाटे दिले होते. त्यांना धनुर्वातापासून संरक्षण मिळालं. मोबाईलवरची बातमी बहुधा अशाच कुठल्या प्रयोगाची. पण ते उंदीर, आणि ते जिवाणू प्रयोगशाळेतले. आपल्या गाडग्यातल्या दह्यात यातलं काहीही नाही. किती खाल्लं म्हणजे पुरे, पोटातल्या आम्लातून किती वाचतं, हे माणसांत तपासावं लागतं. आपल्या सरकारी लसीकरणात अशी दह्याची लस नाही.

आणि सुईचं काम साधं नाही, बरं का. आईच्या रक्तात तयार झालेलं संरक्षण बाळाला पोटातच मिळतं, त्यामुळं नाळेच्या जखमेतून होणारा धनुर्वात टळतो. आपल्या सासवांच्या काळी किती घरांत आठवड्याच्या आत बाळ ताठ होऊन गेलं, विचारा त्यांना. 2015 साली आईचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जाहीर झालं. गरोदरपणातली इंजेक्शनं आणि दवाखान्यातली स्वच्छ बाळंतपणं यांचा त्यात मोठा वाटा.

वहिनींच्या सुनेनं पहिलं इंजेक्शन घेतलं. दुसरं चार आठवड्यांनी. त्या दिवशी तिच्याबरोबर जायची पाळी आमची, आणि ताक आम्ही घरून नेणार आहोत, नुसतं प्यायला.