नवी कादंबरी आणि गावोगावचा वाचक

मराठीत कादंबरी छापून झाली की तिचा प्रकाशन समारंभ करण्याची रीत आहे. व्यासपीठावर अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्रकाशक आणि लेखक बसतात. रंगीत कागदात बांधलेल्या प्रती तबकातून येतात, पाहुणे फीत सोडतात आणि मुखपृष्ठ समोर धरून सगळे छायाचित्रासाठी उभे राहतात. मग भाषणे होतात, लेखकाचे मनोगत होते. बाहेरच्या टेबलावर सवलतीत विक्री चालते. प्रत घेणाऱ्याचे नाव विचारून लेखक पहिल्या पानावर सही करतो. दोन तासांत समारंभ आटोपतो. कादंबरी वाचकाच्या हाती पोचवण्याचे काम मात्र तिथून पुढे सुरू होते आणि आज त्याचा मोठा वाटा लेखकालाच उचलावा लागतो.

पूर्वी हा क्रम उलटा होता. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ ग्रंथ छापण्याआधीच वर्गणीदार गोळा केले जात. पुढे नियतकालिकांनी ही जागा घेतली. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. पुस्तक निघण्याआधीच तिला वाचक मिळाला होता. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि पुढे कित्येक कादंबऱ्या पहिल्यांदा दिवाळी अंकातूनच घरोघर गेल्या. प्रकाशनपूर्व सवलत हे जुन्या वर्गणीचेच आजचे रूप आहे. वाचक आगाऊ पैसे भरतो, त्याला पुस्तक कमी किमतीत मिळते आणि छपाईच्या खर्चाला हातभार लागतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या प्रवासाची ठळक उदाहरणे सापडतात. वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली. तिला प्रस्तावना लिहिली मूळच्या सांगलीच्या वि. स. खांडेकर यांनी. ‘ययाति’ही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती आणि खांडेकरांच्या शब्दाला मराठी वाचकांत मोठे वजन होते. प्रस्थापित लेखकाने नव्या पुस्तकासाठी असे उभे राहणे कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाचे असते. १९६१ मध्ये ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. फलटण तालुक्यातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ ही कादंबरी नव्हे, आत्मकथन आहे, पण त्याचा प्रवास इथे सांगण्याजोगा आहे. १९८० साली ते ‘ग्रंथाली’ने काढले. ‘ग्रंथाली’ ही वाचकांना सभासद करून घेणारी, ग्रंथयात्रा घेऊन गावोगाव फिरणारी चळवळ होती. तिच्यामुळे नवख्या लेखकाचे पुस्तक दूरवर गेले आणि १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्याला मिळाला. वाळवा तालुक्यातीलच विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ १९८८ मध्ये निघाली. पुढे त्यावरून ‘रणांगण’ हे नाटक रंगभूमीवर आले आणि कादंबरीला आणखी एक दार उघडले.

प्रत्येक कादंबरीला असे दार उघडत नाही. एके काळी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती ही सर्वसाधारण गोष्ट होती, आता पाचशे किंवा त्याहूनही कमी प्रतींवर भागवले जाते. विक्रेत्याचे कमिशन, वाहतूक आणि छपाई वजा जाता प्रकाशकाच्या हाती थोडे उरते. लेखकाचे मानधन सामान्यतः छापील किमतीच्या दहा-पंधरा टक्के असते. तीनशे रुपयांच्या कादंबरीच्या पाचशे प्रती खपल्या, तर दहा टक्क्यांनी लेखकाला पंधरा हजार रुपये मिळतात, तेही आवृत्ती संपायला लागेल तेवढ्या काळात. एवढ्यातून प्रवास, परीक्षणासाठी पाठवायच्या प्रती आणि भेटीच्या प्रती यांचा खर्च निघत नाही. तरीही लेखक फिरतात, कारण कादंबरीवर समोरासमोर बोलणारा वाचक त्यांना हवा असतो.

हा वाचक मोठ्या शहरांतच असतो, हा समज चुकीचा आहे. लोणंद हे पुणे–मिरज लोहमार्गावरचे स्थानक, कांद्याची मोठी बाजारपेठ आणि माउलींच्या पालखीचे मुक्कामाचे गाव. अशा गावात नवी कादंबरी पोचते ती बहुधा सार्वजनिक ग्रंथालयामार्फत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे आणि राज्यात शासनमान्य ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. अनुदानाचा हप्ता आला की खरेदी होते. पुस्तकाला दाखल नोंदवहीत क्रमांक मिळतो, पानांवर शिक्के बसतात, शेवटी तारखेची चिठ्ठी चिकटते. त्या चिठ्ठीवर वर्षभरात वीस तारखा पडल्या, तर एका प्रतीने वीस घरे पाहिली. लेखकाला या वाचनाचा एक पैसाही मिळत नाही. त्याची कीर्ती मात्र याच वाचनावर उभी राहते आणि म्हणून ग्रंथपालाशी ओळख ठेवणारा कादंबरीकार शहाणा म्हणावा लागेल.

टपालाने पुस्तक मागवणे अलीकडे महागले आहे. रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि त्याची झळ खेड्यापाड्यांतील वाचकाला अधिक बसली. दुसरीकडे सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळचे भिलार मे २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले. घराघरांत बसून पुस्तके वाचण्याची सोय तिथे आहे. जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्यात ९९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी ‘पानिपत’कार विश्वास पाटील होते. संमेलनातील ग्रंथप्रदर्शन ही नव्या लेखकासाठी मोठी संधी असते. एरवी दुकानात मागे पडलेले पुस्तक तिथे वाचकाच्या हाताशी येते.

संमेलन चार दिवसांचे, ग्रंथालय बारमाही. लोणंद परिसरातील वाचकांनी आपल्या ग्रंथालयात जाऊन नव्या मराठी कादंबरीची मागणी लेखी नोंदवावी, आणि जी आवडेल तिची एक प्रत विकत घ्यावी.