आपणही धावू शकतो
(विहाराच्या वर्धापनदिन व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

 

समितीने विषय विचारला तेव्हा मी ‘धावणे’ असे सांगितले. एक-दोघे हसले. धम्माच्या व्यासपीठावर धावण्याचे काय काम, असे त्यांना वाटले असणार. म्हणून तेच आधी सांगतो. याच सभागृहात आपण मंगल परिणय लावतो आणि याच सभागृहात जलदान विधी व पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम करतो. जलदान विधीच्या जुन्या पत्रिका घरात असतील तर काढा आणि त्यावरचे वय वाचा. कुणी बावन्न, कुणी अठ्ठेचाळीस, कुणी तर चाळिशी नुकतीच ओलांडलेला. कारण विचारलं की दोनच शब्द कानावर येतात, शुगर आणि अटॅक. आपले आजे-पणजे उन्हातान्हात राबले, मैलोन्‌मैल चालले. आपण शिकलो, नोकरीला लागलो, खुर्ची मिळाली. ती मिळालीच पाहिजे होती. पण आठ तास ती खुर्ची, मग लोकल नाहीतर बस, मग घरी टीव्ही आणि आता हातात मोबाईल, असा दिवस झाला. शरीराला काम उरले नाही, आणि जेवण मात्र कामकऱ्याचेच राहिले.

आपल्या वस्तीत धावणे म्हटले की एकच गोष्ट डोळ्यासमोर येते, पोलीस भरती. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. पहाटे रस्त्यावर पोरं पळताना दिसतात. भरती झाली की बूट माळ्यावर. नाही झाली तरी वय निघून गेले की बूट माळ्यावरच. पंचेचाळीस वर्षांचा माणूस पळताना दिसला तर लोक विचारतात, “काय हो, बस चुकली का?” आणि बाई पळताना दिसली तर काही विचारत नाहीत, नुसते बघत राहतात. ते बघणे जास्त जड जाते.

पण मित्रहो, मोठ्या माणसाने नुसते स्वतःसाठी धावावे ही कल्पना सगळ्या जगातच फार जुनी नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड नावाचे शहर आहे. तिथे आर्थर लिडियर्ड नावाचे गृहस्थ बुटांच्या कारखान्यात काम करीत. आपला दम लागतो हे लक्षात आल्यावर त्यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून धावण्याची पद्धत बसवली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी शिकवलेल्या पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी घेतले. एवढे झाल्यावर दुसरा कुणी फक्त विजेतेच घडवत बसला असता. लिडियर्डकडे मात्र पोट सुटलेली, मध्यमवयीन माणसे येऊ लागली. त्यांतल्या काहींना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला होता. त्या काळी अशा रुग्णाला पडून राहा म्हणून सांगत. लिडियर्ड म्हणाले, धावा, पण अगदी हळू, आणि सगळे मिळून. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा साध्या माणसांचा जॉगर्स क्लब ऑकलंडमध्ये उभा राहिला.

१९६२ च्या अखेरीस अमेरिकेतून बिल बॉवरमन नावाचे नामांकित प्रशिक्षक तिथे गेले. वय एक्कावन्न. दुसऱ्यांना पळवण्यात आयुष्य गेले, स्वतः मात्र पळत नव्हते. लिडियर्डने त्यांना रविवारच्या धावण्याला नेले. थोड्याच वेळात बॉवरमनसाहेबांना धाप लागली आणि सगळे पुढे निघून गेले. तेव्हा सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा, ज्याला स्वतःला हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते, तो मुद्दाम मागे राहिला आणि पाहुण्याच्या बरोबरीने गप्पा मारत धावत राहिला. पाहुण्याला उत्तर द्यायलासुद्धा श्वास पुरेना! घरी परतल्यावर बॉवरमननी आपल्या यूजीन गावात सामान्य लोकांसाठी धावण्याचे वर्ग काढले. गर्दी इतकी लोटली की कुणाला काही झाले तर काय, या काळजीने त्यांनी आधी वॉल्डो हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञांना सोबत घेतले, चालणे आणि धावणे मिळून पायरी-पायरीचा कार्यक्रम आखला, आणि १९६७ मध्ये दोघांनी मिळून ‘जॉगिंग’ हे पुस्तक लिहिले. त्यातून ते वेड अमेरिकाभर पसरले.

मला या सगळ्यात तो म्हातारा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो पुढे जाऊ शकत होता, पण थांबला. धावणारे खूप असतात. त्यांचा क्लब व्हायला असे थांबणारे लागतात.

आता तुम्ही म्हणाल, हे झाले परदेशातले. आपल्या धम्मात याला आधार काय? आहे. भगवान बुद्धांनी भिक्खूंना चंक्रमण सांगितले, म्हणजे ठरलेल्या वाटेवर येरझाऱ्या घालणे. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत. प्रवास झेपतो, परिश्रम झेपतात, रोग कमी होतात, खाल्लेले पचते, आणि चालता चालता लाभलेली चित्ताची एकाग्रता टिकून राहते. आजचा डॉक्टर यापेक्षा वेगळे काय सांगतो?

आणि त्याच्याही पुढची गोष्ट महावग्गात आहे, सोण कोळिविसाची. सोण हा चंपानगरीतल्या श्रीमंत घरातला मुलगा. इतका लाडात वाढलेला की तळपाय अगदी कोवळे. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या शीतवनात त्याने चंक्रमण सुरू केले ते एवढ्या हट्टाने, की पाय फाटले आणि वाट रक्ताने माखली. तरी मन स्थिर होईना. घरी परत जावे, असा विचार त्याच्या मनात आला. तेव्हा तथागत त्याच्याकडे गेले आणि विचारले, सोणा, तू घरी असताना वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? फार सैल सोडल्या तर लागतो का? दोन्हींना नाही, असेच उत्तर त्याने दिले. तथागतांनी सांगितले की प्रयत्नांचेही तसेच आहे.

मी आजवर धावायला सुरुवात करून आठव्या दिवशी सोडून देणारी जेवढी माणसे पाहिली, ती सगळी सोणासारखी. एक जानेवारीला निश्चय, पहिल्याच दिवशी जीव तोडून पळणे, तिसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येणे, आणि मग “आपल्याला नाही जमत बुवा.” अहो, न जमायला काय झालं? तार जास्त ताणली, दुसरं काय! लिडियर्डनेही धावणाऱ्यांना हेच सांगितले की सराव करा, पण ओढाताण करू नका. त्याची खूण अगदी सोपी आहे. धावताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. बोलणे तुटायला लागले की वेग जास्त झाला, चालायला लागा.

सोणाच्या गोष्टीचा शेवट पुष्कळांना ठाऊक नसतो. तथागतांनी त्याला, तुझे पाय नाजूक आहेत, तू पादत्राण वापर, अशी परवानगी दिली. सोणाने नम्रपणे सांगितले की मला एकट्याला नको, सगळ्या संघाला परवानगी असेल तरच मी वापरीन. आणि भगवंतांनी संघातल्या सर्वांना एका तळाची पादत्राणे वापरायला मुभा दिली. म्हणजे बूटसुद्धा संघाने मिळून घ्यायचे!

बुटांवरून आठवले. बारामतीच्या लता करे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. दहा-बारा वर्षांपूर्वी साठी ओलांडलेल्या या बाई पतीच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट निघाला आणि त्यात स्वतःची भूमिका त्यांनीच केली. त्यांच्या हिमतीला माझा मानाचा जयभीम. पण त्या अनवाणी पायांचे कौतुक करून टाळ्या वाजवणे मला पटत नाही. नवऱ्याच्या तपासणीसाठी कुणाच्या आईला शर्यत जिंकावी लागू नये. आपल्या आया-बहिणींनी धावावे ते स्वतःच्या शरीरासाठी, पायांत बूट घालून.

आता एका क्लबाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण तो आपल्या अगदी जवळचा आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. त्या हार्लेममध्ये १९३६ साली जो यान्सी आणि त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क पायोनियर क्लब काढला. शहरातल्या बड्या क्लबांत काळ्या माणसांना आणि ज्यूंना प्रवेश नव्हता. पण या मंडळींनी फक्त आमच्यापुरता क्लब असे म्हटले नाही. १९४२ साली त्यांनी घटना बदलून दार सगळ्यांना उघडे केले. वर्ण कोणता, धर्म कोणता, वेगवान की सावकाश, काही विचारायचे नाही. ज्यांना बाहेर ठेवले होते त्यांनीच दार उघडले, आणि गोरेही त्यातून आत आले.

याच क्लबात १९४७ साली टेड कॉर्बिट आले. गुलामगिरीत जन्मलेल्या माणसाचा हा नातू. तरुणपणी, गोरे खेळाडू याच्याबरोबर धावणार नाहीत म्हणून, त्यांना स्पर्धांतून परत पाठवले जाई. पेशाने ते फिजिओथेरपिस्ट. रोज घर ते नोकरी धावत जात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून मॅरेथॉन धावणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये रोड रनर्स क्लब स्थापन झाला तेव्हा पहिले अध्यक्ष कॉर्बिटच. या क्लबाने १९७० मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन सुरू केली. पहिल्या वर्षी १२७ जण धावले आणि ५५ जणांनी शर्यत पुरी केली. आज तिथे पन्नास हजारांवर लोक धावतात. कॉर्बिट २००७ साली गेले.

त्यांचे आणखी एक काम आपल्या उपयोगाचे आहे. रस्त्यावरच्या शर्यतीचे अंतर पूर्वी अंदाजाने सांगत. कॉर्बिटनी सायकलच्या चाकाचे फेरे मोजून अंतर पक्के करण्याची पद्धत अमेरिकेत रुजवली आणि १९६४ साली त्यावर पुस्तिका लिहिली. हे आपल्या पोरांनाही जमेल. २८ इंची सायकलच्या चाकाचा एक फेरा सव्वादोन मीटरच्या आसपास होतो. चाकाला खडूची खूण करा, एक फेरा टेपने नीट मोजा, आणि विहारापासून एक किलोमीटर कुठे होतो तिथे खूण करून ठेवा. साधारण साडेचारशे फेरे होतील. मोजणाऱ्याने मध्येच मोबाईल बघू नये म्हणजे झाले.

भगिनींसाठी दोन शब्द. अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये १९६६ साली बॉबी गिब या तरुणीने अर्ज केला. स्त्रीच्या शरीराला एवढे अंतर झेपणार नाही असे तिला कळवण्यात आले. तेव्हा ती झुडपात लपून बसली आणि शर्यत सुटताच आत शिरून पूर्ण अंतर धावली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झर क्रमांक लावून धावली, तर शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने रस्त्यातच तिच्या अंगावर धावून जाऊन क्रमांक ओढायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही. बोस्टनमध्ये स्त्रियांना रीतसर प्रवेश १९७२ मध्ये मिळाला आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली थेट १९८४ ला.

रस्ता सगळ्यांचा असतो, असे आपण म्हणतो. पाणीही सगळ्यांचे होते, तरी १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जाऊन ओंजळ भरावी लागली. पहाटेचा रस्ता आणि मैदान आपल्या बायकांचेही आहे, पण एकटीदुकटीने ते हाती येत नाही. दहाजणी मिळून निघाल्या की बघणारे आठ दिवसांत बघायचे सोडतात. पंजाबी ड्रेस चालतो, ट्रॅकपँट चालते. नळाचे पाणी आणि डबे यांतून वेळ कसा काढायचा, हा प्रश्न मात्र घरच्या पुरुषांनी सोडवायचा आहे. आठवड्यातून तीन दिवस चहा त्यांनी ठेवावा. (टाळ्या भगिनींकडूनच आल्या, हे मी नोंदवून ठेवतो!)

आता प्रत्यक्ष सुरुवात. ज्यांना शुगर, बीपी किंवा छातीचा त्रास आहे, आणि चाळिशी ओलांडलेले जे कधीच व्यायाम करीत नाहीत, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. यात भिडस्तपणा नको. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी कधी काय खाऊन निघायचे ते विचारून घ्यावे आणि खिशात थोडी साखर ठेवावी. छातीत दडपण आले, हात किंवा जबडा दुखू लागला, चक्कर आली, तर तिथेच थांबायचे, सोबतच्याला सांगायचे, आणि लगेच दवाखाना. पहिले दोन आठवडे चार मिनिटे चालणे, एक मिनिट हळू धावणे, असे अर्धा तास. मग धावणे एकेक मिनिटाने वाढवायचे. एका दिवसाआड. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेले प्रमाण आठवड्याला दीडशे मिनिटांचे आहे, तेही भरभर चालण्याइतक्या श्रमाचे. हे काही अशक्य नाही. गुडघ्यांची भीती सगळे घालतात. पण बेताने, हौसेने धावणाऱ्यांचे गुडघे त्यामुळे झिजतात असे दिसून आलेले नाही.

लंडनच्या एका बागेत २००४ साली तेरा जणांनी दर शनिवारी पाच किलोमीटर फुकट धावायचा उपक्रम सुरू केला. आज तो पार्करन या नावाने कितीतरी देशांत चालतो. तिथे एक कार्यकर्ता मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो. त्यामुळे भाग घेणारा कुणीही शेवटचा ठरत नाही. आपणही तसेच करू. दर रविवारी एकाने पाळीने मागे राहायचे. भरतीच्या तयारीतल्या मुलांनी ही पाळी आधी घ्यावी, त्यांना वेग कमी ठेवायची सवय होईल.

वर्गणी नाही, गणवेश नाही, मंडळाचा फलक नाही. अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष तर अजिबात नकोत, नाहीतर धावण्याआधी निवडणूक घ्यावी लागेल! शेजारच्या चाळीतले, दुसऱ्या समाजाचे कुणी आले तर त्यांनाही घ्यायचे. हार्लेमवाल्यांनी घेतले होते.

येत्या रविवारी सकाळी पावणेसहाला विहाराच्या पायरीशी जमायचे. बुद्ध वंदना झाली की निघायचे, मैदानाला दोन फेऱ्या, आणि सातच्या आत घरी. पावसाळी चिखल असेल तर रस्त्याने जाऊ. ज्यांच्याकडे बूट नाहीत त्यांनी समितीच्या कार्यकर्त्यांकडे पायाचे माप देऊन ठेवावे, दहा-वीस जोड एकदम घेतले तर स्वस्त पडतील. पहिल्या रविवारी मागे राहायची पाळी माझी.

जयभीम! नमो बुद्धाय!