तेलाचा एक थेंब

बैलगाडीची दोन्ही चाके आखावर स्वतंत्रपणे फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडावे लागते, आतल्याला कमी. पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नसल्याने गाडीवानाला त्याची चिंता नसते. मोटारीचे तसे नाही. एकाच इंजिनाची शक्ती दोन्ही चाकांना पोचवावयाची आणि तरीही वळणावर त्यांना कमी-अधिक वेगाने फिरू द्यावयाचे, अशी तेथे दुहेरी अडचण असते. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने 1827-28 च्या सुमारास दातेरी चाकांच्या जुळणीने ती सोडविली. हीच जुळणी डिफरन्शियल होय.

मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यभागी जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या पोटात ही चाके तेलात बुडालेली असतात. मुंबईत जुळणी झालेल्या जुन्या जीपसारख्या अनेक गाड्यांत या गोळ्याला मागून पत्र्याचे झाकण असते आणि ते बोल्टांनी आवळलेले असते. गळतीची कथा सुरू होते ती या झाकणाच्या कडेपाशी.

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीखाली सकाळी तेलाचा एक थेंब दिसतो. थेंबच तो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण इंजिनातील तेल कमी झाल्याचे सांगणारा दिवा असतो, तसा येथे बहुधा नसतो. तेल घटत जाते, दात्यांमधील वंगणाचा पातळ थर तुटतो, धातू धातूवर घासू लागतो आणि मागून घरघर ऐकू येते. तोवर क्राउन-पिनियनचे नुकसान झालेले असते. भरल्या गाडीने घाट उतरताना दाता तुटून चाके अडकली, तर प्रश्न केवळ खर्चाचा उरत नाही.

गळती दिसली की पहिला विचार येतो तो बोल्ट अधिक आवळण्याचा. आणि पुष्कळदा हाच उपाय पुढच्या गळतीचे कारण ठरतो. झाकण पत्र्याचे असते. जोर अधिक झाला की भोकांभोवतीचा पत्रा आत दबतो, दोन बोल्टांमधला भाग किंचित वर उचलला जातो आणि तेथूनच तेल वाट काढते.

म्हणून जाणता मिस्त्री पाना उचलण्यापूर्वी दोन गोष्टी पाहतो. पुढच्या पिनियनच्या सीलमधून निघालेले तेल वाऱ्याने मागे येऊन झाकण भिजवीत नाही ना, ही पहिली. दुसरी म्हणजे अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर. धावताना तेल तापते, आतली हवा प्रसरण पावते आणि या छोट्या छिद्रातून बाहेर पडते. ते चिखलाने बुजले, तर दाबलेली हवा तेलाला झाकणातून किंवा चाकांकडील सीलमधून बाहेर लोटते. चाकाकडे गेलेले तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर पोचले, म्हणजे धोका दुप्पट झाला.

झाकण काढावयाचेच झाले, तर कोमट तेल आधी काढून घेतात. तळाशी मऊ करडा लगदा असला तर ती नेहमीची झीज. दात्याचे तुकडे सापडले, तर दुखणे खोल आहे. जुने पॅकिंग खरवडताना पृष्ठभागावर ओरखडा उठू देऊ नये आणि आत कचरा पडू देऊ नये. वाकलेला पत्रा सपाट ठोकळ्यावर हलक्या हाताने ठोकून सरळ करावा. मग दोन्ही कडा तेलाचा लेशही न राहील इतक्या पुसाव्यात, कारण तेलकट धातूला सिलिकोन धरत नाही.

तेलाला टिकणाऱ्या सिलिकोनची सुमारे तीन मिलिमीटर जाडीची अखंड रेषा भोकांच्या आतील बाजूने ओढावी. अधिक लावल्यास जादा भाग आत सुटून तेलात पडतो. बोल्ट प्रथम हाताने, मग समोरासमोरच्या जोडीने, निर्मात्याने सांगितलेल्या मापाइतकेच आवळावेत. हवेतील ओलाव्याने सिलिकोन घट्ट होते आणि त्याला बहुधा एक दिवस लागतो. तेल भरावयाचे ते त्यानंतर, भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत.

गाडी दुसऱ्या दिवशी हवी, म्हणून हा एक दिवस वाचविण्याचा मोह सर्वांना होतो. तो मोह आवरला गेला की नाही, हे काही दिवसांनी गाडीखालची कोरडी किंवा ओली फरशीच सांगते.