माळ्यावरचे महजर

न्यायाचा इतिहास धर्मग्रंथांइतकाच आपल्या माळ्यावरील दप्तरांतही आढळतो. मराठेशाहींत वतनाचा तंटा गोतसभेपुढें येई. उभय पक्षांच्या तकरिरी व साक्षी घेऊन निवाड्याचा महजर लिहीत. निरक्षर शेतकरी सहीच्या जागीं नांगर काढी. अशा अस्सल कागदांच्या आधारें वि. त्र्यं. गुणे यांनीं मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध केला.

परंतु कागद पेटींत राहिला, तर अभ्यासकास त्याचा काय उपयोग? १९१० सालीं राजवाडे व मेहेंदळे यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. सभेंत कागद वाचावा, त्यावर चर्चा व्हावी, मग तो इतिवृत्तांत अथवा त्रैमासिकांत छापावा, असा तेथें परिपाठ पडला. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तरासही ही वाट अनुसरतां येईल.

आमच्या मालवण किनाऱ्यावर दमट हवा व वाळवी कोणासाठीं थांबत नाहींत. म्हणून घरीं मोडी रुमाल असेल, तर जाणत्याकडून तो वाचवून घ्यावा, बाळबोधींत नक्कल करावी, कागद कोणाच्या घरचा व कोठें मिळाला हें लिहून ती अभ्यासकांच्या सभेपुढें ठेवावी. हें काम पुढल्या पावसाळ्यापूर्वींच हातीं घ्यावें, एवढीच माझी विनंती.