यवनांचा प्लेटो आणि आपलें उपनिषद : प्रो. डॉयसन यांचें कार्य



वाळूज हें नांव कानांवर आलें कीं आज कारखान्यांच्या रांगा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु याच प्रदेशांत, थोडें दक्षिणेस गोदातीरीं, पैठण आहे. आणि पैठणचें नांव ग्रीक भाषेंत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच लिहिलें गेलें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नांवाच्या सागरवर्णनाचा अनामिक कर्ता सांगतो कीं, भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचें तेर. पैठणचे मौल्यवान खडे आणि तगरचें कापड गाड्यांत भरून, अवघड रस्त्यांनीं, भडोच बंदरास जात असे.

मालाची देवघेव झाली ती अशी. मग विचारांचीही झाली असेल काय? उपनिषदांतील आणि ग्रीक ग्रंथांतील साम्यस्थळें पाहून हा प्रश्न अनेकांना पडला, आणि कोणी कोणापासून घेतलें याविषयीं पुष्कळ शाई खर्च झाली. आज ज्या जर्मन पंडितांविषयीं मी बोलणार आहें त्यांचें मत असें होतें कीं, येथें गाड्यांच्या रस्त्याची गरजच नाहीं. दोन माणसें दोन दिशांनीं चढून एकाच शिखरावर पोंचलीं तर त्यांपैकीं एकानें दुसऱ्याचा माग काढला असेंच समजण्याचें कारण काय? या पंडितांचें नांव पॉल डॉयसन. आपल्याकडे ‘डायसन’ हा उच्चारही रूढ आहे. आणि स्वतः त्यांनीं तर आपल्या नांवाचें संस्कृत रूप ‘देवसेन’ असें करून घेतलें होतें!

डॉयसन यांचा जन्म ७ जानेवारी १८४५ रोजीं जर्मनींतील ओबरड्राइस या खेड्यांत एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. शुल्फोर्टा येथील प्रसिद्ध विद्यालयांत ग्रीक व लॅटिन यांचा कसून अभ्यास होत असे. तेथें फ्रीड्रिख नीत्शे त्यांचे सहाध्यायी होते, आणि ही मैत्री पुढें, मतभेद होऊनही, टिकली. डॉयसन यांनीं १८६९ मध्यें पदवीसाठीं जो प्रबंध लिहिला त्याचा विषय वेदान्त नव्हता. तो होता प्लेटोचा ‘सोफिस्ट’ हा संवाद. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण तिच्याकडे मला पुन्हां वळावयाचें आहे. पुढें कांट आणि शोपेनहौएर यांच्या ग्रंथांनीं त्यांचें मन व्यापिलें, आणि शोपेनहौएरच्या बोटास धरून ते उपनिषदांपाशीं आले. १८८३ मध्यें वेदान्तदर्शनावरील त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. १८८७ मध्यें शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रांचें जर्मन भाषांतर आलें. १८८९ पासून ते कील येथील विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते. आणि १८९७ मध्यें साठ उपनिषदांचें भाषांतर त्यांनीं एकट्यानें प्रसिद्ध केलें. एका माणसाच्या हातून एवढें काम व्हावें याचें आश्चर्य वाटतें.

१८९२-९३ च्या हिवाळ्यांत ते सपत्नीक हिंदुस्थानांत आले. पंडितांशीं ते संस्कृतांत संभाषण करीत. २५ फेब्रुवारी १८९३ रोजीं मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें त्यांचें व्याख्यान झालें. वेदान्त आणि पाश्चात्य तत्त्वविचार यांचा संबंध हा त्याचा विषय. आपणां महाराष्ट्रीयांस या व्याख्यानाचें महत्त्व विशेष आहे. त्यांतील एक मुद्दा असा : शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणें प्रेम करावें अशी आज्ञा ख्रिस्ती धर्मग्रंथ करतो, परंतु तसें कां करावें याचें कारण तेथें मिळत नाहीं, तें कारण उद्दालकानें श्वेतकेतूस केलेल्या उपदेशांत आहे. शेजारी दुसरा नव्हेच; तो आणि मी वस्तुतः एक. धर्मोपदेशकाच्या मुलानें हें मुंबईच्या सभेंत उघडपणें सांगावें, याला धैर्य लागतें.

त्याच व्याख्यानांत एक हिशेबही आहे. एका जाणत्या गृहस्थानें त्यांना सांगितलें कीं, शंभर वेदान्त्यांत पंचाहत्तर शंकराचार्यांचे, पंधरा रामानुजांचे, पांच मध्वांचे आणि पांच वल्लभांचे. या शंभरांत आमच्या ज्ञानेश्वर-एकनाथांचें खातें कोठें मांडावयाचें? तहानेनें तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखांत गंगेचें पाणी घालणाऱ्या एकनाथांची आख्यायिका डॉयसन यांच्यापुढें कोणी ठेविली असती, तर श्वेतकेतूच्या धड्याचा मराठी दाखला त्यांस पैठणांतच लाभला असता.

आतां त्यांच्या मुख्य सिद्धान्ताकडे येऊं. डॉयसन म्हणत कीं, तत्त्वज्ञानाला आपल्या कार्याची स्वच्छ जाणीव जगांत तीनदां झाली : हिंदुस्थानांत उपनिषदांत, ग्रीसमध्यें पार्मेनिडीस व प्लेटो यांच्या ठायीं, आणि जर्मनींत कांट व शोपेनहौएर यांच्या ठायीं. दिसतें तें आभासरूप, आणि सत्य त्याच्या पलीकडे. हा त्या जाणिवेचा गाभा. सिद्धान्त भव्य आहे, आणि आपल्या अभिमानास सुखविणारा आहे. म्हणूनच तो जपून घेतला पाहिजे. ज्या ‘सोफिस्ट’ संवादावर डॉयसन यांनीं तरुणपणीं प्रबंध लिहिला, त्याच संवादांत प्लेटो पार्मेनिडीसच्या विरुद्ध उभा राहतो. जें नाहीं तें मुळींच नाहीं, हें पार्मेनिडीसचें वचन तो तेथें मोडून काढतो. ‘नसणें’ म्हणजे ‘वेगळें असणें’ असा अर्थ लावून भेदाला सत्याच्या राज्यांत जागा देतो. पित्यासमान गुरूवर आपण हात उगारीत आहों कीं काय, ही भीतीही त्या संवादांत बोलून दाखविलेली आहे. पुढें तेच डॉयसन या दोघांना एकाच ओळींत बसवितात, तेव्हां मधली ही झुंज कोठें गेली असें वाचकानें विचारावें.

दुसरें, प्लेटोचें गुहेचें रूपक. गुहेंत जखडलेले बंदिवान भिंतीवरील छायांनाच सत्य मानतात. त्यांतील एक सुटतो आणि सूर्य पाहतो. येथपर्यंत मायेचें स्मरण व्हावें हें स्वाभाविक आहे. परंतु प्लेटो येथें थांबत नाहीं. ज्यानें सूर्य पाहिला त्यानें पुन्हां खालीं उतरावें, बंदिवानांत बसावें आणि राज्याचा भार वाहावा, असा त्याचा आग्रह आहे. डॉयसन यांचें लक्ष चढण्याकडे अधिक आहे, उतरण्याकडे कमी. शोपेनहौएरच्या शिष्याकडून याहून निराळी अपेक्षा करतां येत नाहीं.

आमच्याकडे ही उणीव भरून निघाली ती मंडालेच्या तुरुंगांत. लोकमान्य टिळकांनीं १९१०-११ च्या हिवाळ्यांत ‘गीतारहस्य’ लिहिलें. त्यांत डॉयसन यांच्या ग्रंथांचा आधार घेतलेला आहे. नीतीचा पाया आत्म्याच्या ऐक्यांत आहे एवढें टिळकांनीं मान्य केलें. मात्र ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठीं कर्म सोडूं नये, हें त्यांचें स्वतःचें प्रतिपादन. माझ्या मतें प्लेटोच्या गुहेंत परत उतरणारा पुरुष टिळकांना अधिक जवळचा वाटला असता.

प्रो. रा. द. रानडे यांची वाट आणखी वेगळी. उपनिषदांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ मध्यें पुण्यास प्रसिद्ध झाला. डॉयसन यांस याज्ञवल्क्याचा अद्वैतविचार हाच मूळचा शुद्ध झरा वाटे, आणि पुढील मतें म्हणजे त्याची हळूहळू झालेली घसरण. रानडे यांनीं उपनिषदांत अनेक दर्शनांचीं बीजें दाखविलीं, आणि ग्रीकांकडे पाहतांना केवळ प्लेटोपाशीं न थांबतां जल, वायु व अग्नि यांपासून सृष्टि निघाली असें मानणाऱ्या थेलीस, अनॅक्झिमेनीस व हेराक्लायटस यांसही जवळ बसविलें. तुलनेचें क्षेत्र त्यामुळें रुंदावलें.

डॉयसन ६ जुलै १९१९ रोजीं कील येथें वारले. सर्व जगाच्या तत्त्वज्ञानाचा सहा भागांतील इतिहास त्यांनीं त्यापूर्वीं दोनच वर्षें पुरा केला होता. युरोपांतील असे इतिहास बहुधा थेलीसपासून सुरू होत. डॉयसन यांच्या ग्रंथाचे पहिले तीन भाग भारतीय विचारांस वाहिलेले आहेत; ग्रीकांचा क्रम चौथा, आणि तो भाग निघाला १९११ मध्यें.